घरची दुर्बीण आणि आपले कारागिरीचे वतन

(वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय 'घरच्या घरी अल्प खर्चात शास्त्रीय उपकरणे घडविणे' असा आहे. ज्ञातीच्या संमेलनात या विषयाचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. तो रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देण्यासाठीच मी उभा आहे.

आपली ज्ञाती कारागिरांची. रंधा, वाकस, पटाशी, कानस, गुण्या ही आपल्या आजोबांच्या पिढीची नित्याची हत्यारे. त्यांची नावे मुलांना अक्षरओळखीच्या आधी ठाऊक होत असत. आज या सभागृहातील बहुतेकांची मुले कचेऱ्यांत, दवाखान्यांत, संगणकाच्या धंद्यात आहेत. त्याविषयी खेद मानण्याचे कारण नाही. उलट मघाशी ज्या विद्यार्थ्यांचा सत्कार झाला त्यांच्याकडे पाहून ऊर भरून येतो. परंतु मुले पुढे गेली आणि हत्यारे माळ्यावर गेली. एक विद्या मिळविताना दुसरी सोडावीच लागते, असा जो समज आपण नकळत करून घेतला आहे, तो मात्र मला तपासून पाहण्याजोगा वाटतो.

मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकविले. आपल्याकडे शाळांतून उपकरण म्हणजे कपाटात ठेवावयाची वस्तू. ते विकत आणावयाचे, त्याची नोंद साठावहीत करावयाची, कपाटाला कुलूप लावावयाचे आणि तपासनीस आले म्हणजे पुसून टेबलावर मांडावयाचे. मोडले तर कोणाच्या पगारातून कापावयाचे, ही धास्ती. म्हणून मुलांच्या हाती द्यावयाचे नाही. या व्यवस्थेत मुलाला जो धडा मिळतो तो पुस्तकात छापलेला नसतो. शास्त्र हे दुसऱ्या कोणीतरी, दूरच्या मोठ्या कारखान्यात करून पाठवावयाचे असते आणि आपण ते काचेपलीकडून पाहावयाचे असते, हा तो धडा होय. कारागिराच्या घरातील मुलाने हा धडा घ्यावा, याहून विपरीत ते काय?

आपल्या देशातच याच्या उलट उदाहरण आहे. ओरिसातील खंडपडा या लहानशा संस्थानात 1835 साली चंद्रशेखर सामंत यांचा जन्म झाला. लोक त्यांना पठाणी सामंत म्हणत. इंग्रजी शिक्षणाशी त्यांचा संबंध नव्हता. संस्कृत सिद्धान्तग्रंथ वाचून आकाश पाहू लागले, तेव्हा ग्रंथात सांगितलेल्या जागी ग्रह दिसत नाहीत, असे त्यांच्या ध्यानी आले. दुसरा कोणी असता तर ग्रंथाला नमस्कार करून गप्प बसला असता, किंवा ग्रंथ टाकून दिला असता. त्यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी बांबू आणि लाकूड घेऊन मोजण्याची साधने स्वतः तयार केली. त्यांतले 'मानयंत्र' म्हणजे एका काठीच्या टोकाशी काटकोनात बसविलेली दुसरी आडवी काठी, तिच्यावर खुणा, एवढेच. काठीचे मोकळे टोक डोळ्याशी धरावयाचे आणि आडव्या काठीवरील कोणत्या खुणेशी तारा येतो ते पाहावयाचे. आपल्या घरातील कोणीही जाणता माणूस हे एका दुपारी करील. पण या काठ्यांनी वर्षानुवर्षे मोजमाप करून त्यांनी चंद्राच्या गतीतील तीन फरक स्वतंत्रपणे शोधून काढले, जे आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत धरलेले नव्हते. त्यांचा 'सिद्धान्तदर्पण' हा संस्कृत ग्रंथ ताडपत्रावर लिहिलेला होता; तो 1899 मध्ये कलकत्त्यास छापून निघाला. प्रस्तावना लिहिणाऱ्या योगेशचंद्र राय यांनी त्यांची तुलना टायको ब्राहे या युरोपीय ज्योतिर्विदाशी केली. पुरीच्या जगन्नाथमंदिरातील धार्मिक कृत्यांस त्यांच्या गणिताचा आधार घेतला गेला. 1904 मध्ये ते वारले.

सामंतांचे उदाहरण मी त्यांच्या गरिबीचे कौतुक करण्यासाठी दिलेले नाही. त्यांना दुर्बीण मिळाली असती तर त्यांनी ती आनंदाने घेतली असती. सांगावयाचे ते एवढेच की, उपकरणाचा गुण त्याच्या किमतीत नसून त्याच्या मापाच्या सचोटीत असतो. काठी सरळ आहे का, काटकोन खरा आहे का, खुणा समान अंतरावर आहेत का, हे ज्याला पाहता येते त्याच्या हाती उपकरण आहे. गुण्या लावून चौकट तपासणाऱ्या माणसाला हे निराळे सांगावयास नको.

आता दुर्बिणीकडे वळतो. कारण घरी घडविण्याच्या उपकरणांत हिच्याइतके मोठे फळ देणारे दुसरे मला माहीत नाही. न्यूटनने 1668 मध्ये पहिली परावर्ती दुर्बीण, म्हणजे भिंगाऐवजी अंतर्वक्र आरशाने प्रकाश गोळा करणारी दुर्बीण, स्वतःच्या हाताने केली. तिचे तत्त्व आजही तेच आहे. नळीच्या तळाशी आरसा, वरच्या बाजूला तिरपा लहान सपाट आरसा, आणि बाजूला डोळा लावण्याचे भिंग. यांतील सपाट आरसा व डोळ्याचे भिंग विकत आणता येते. सारी विद्या आहे ती तळाच्या आरशात.

तो घरी होतो कसा, हे थोडे विस्ताराने सांगतो. सहा इंच व्यासाच्या, सुमारे इंचभर जाड अशा दोन काचेच्या चकत्या घ्यावयाच्या. एक चकती पिंपावर किंवा भक्कम तिवईवर पक्की बसवावयाची. तिच्यावर कार्बोरंडमची जाडी पूड आणि पाणी घालावयाचे, आणि दुसरी चकती तिच्यावर ठेवून पुढेमागे घासावयाची. घासताना वरची चकती हातात थोडी थोडी फिरवावयाची आणि स्वतः पिंपाभोवती हळूहळू चालावयाचे. आमच्या भगिनींना जात्याच्या दोन तळ्या डोळ्यांपुढे आणल्या म्हणजे हे चटकन कळेल. वरची चकती पुढे सरकली म्हणजे तिचा मध्य आणि खालचीचा काठ यांवर दाब अधिक पडतो. म्हणून वरची मध्ये खोल होत जाते आणि खालची फुगीर. सर्व दिशांनी, सर्व स्थितींत एकमेकींशी तंतोतंत बसू शकतील असे वक्र पृष्ठभाग गोलाचेच असतात. तेव्हा घासणारा शहाणा असो वा नवखा, काचा आपोआप गोलाकारच होत जातात. निसर्गाने कारागिराला दिलेली ही मोठीच सवलत म्हणावी लागेल.

हा खळगा असतो तरी किती? अठ्ठेचाळीस इंचांवर प्रकाश एकवटावयाचा असेल, तर मध्यभागी जेमतेम सव्वा मिलिमीटर. तेवढा झाला की जाडी पूड बाजूला ठेवून क्रमाक्रमाने बारीक पूड घ्यावयाची. प्रत्येक पायरीवर मागच्या पुडीने पाडलेले खड्डे पुढच्या पुडीने नाहीसे करावयाचे. दोन पायऱ्यांच्या मध्ये हात, नखे, बादली, तिवई, अंगावरचे कपडे, सारे धुऊन काढावयाचे. कारण जाड्या पुडीचा एक कण मागे राहिला तर आठवड्याच्या श्रमावर ओरखडा ओढतो. येथे सोवळे खरोखरीच उपयोगाचे आहे! पूड नेहमी ओलीच ठेवावी. कोरडी उडून फुप्फुसात गेली तर घातक होते. शेवटी खालच्या चकतीवर राळेचा थर ओतून, तो मऊ असतानाच आरसा त्यावर दाबून, सीरियम ऑक्साइडच्या पातळ लेपाने झिलई करावयाची. मग धुरकट काच पाण्यासारखी निवळ होते.

इथवर हाताचे काम झाले. आता डोळ्याचे. चांगल्या आरशाच्या पृष्ठभागात प्रकाशलहरीच्या आठव्या भागाहून अधिक चूक नसावी, असा संकेत आहे. म्हणजे मिलिमीटरचा सुमारे चौदा हजारावा भाग. वहीचा कागद एकदशांश मिलिमीटर जाड धरला, तर त्याच्या जाडीचे चौदाशे पापुद्रे करून त्यांतला एक घ्यावा, एवढे हे अंतर. एवढी बारीक चूक दाखविणारे यंत्र किती महाग असेल, असे कोणासही वाटेल. ते म्हणजे दाढीचे पाते. फ्रान्समधील फूको या शास्त्रज्ञाने 1859 मध्ये ही कृती सविस्तर प्रसिद्ध केली. आरसा खोलीच्या एका टोकाला उभा करावयाचा. प्रकाशाचे केंद्रांतर अठ्ठेचाळीस इंच असेल तर आठ फुटांवर एक बारीक छिद्रातला दिवा ठेवावयाचा. आरशावरून परतलेला प्रकाश दिव्याच्या शेजारीच एका बिंदूत जमतो. तेथे डोळा ठेवून पात्याने तो प्रकाश हळूच कापत जावयाचे. आरसा निर्दोष गोल असेल तर तो सर्वत्र एकदम काळवंडतो. कोठे उंचवटा किंवा खळगा असेल तर डोंगरदऱ्यांवर संध्याकाळच्या सावल्या पडाव्यात तशा सावल्या त्यावर दिसू लागतात. गंमत म्हणून अंगठा मिनिटभर आरशावर टेकवून काढून घ्यावा आणि पाहावे: अंगठ्याच्या उबेने तेथली काच फुगून टेकडी उठलेली दिसते, आणि काच निवत जाईल तसतशी ती टेकडी डोळ्यांदेखत विरघळते. माझ्या मते शाळेतील उष्णतेच्या सर्व धड्यांपेक्षा हा एक प्रयोग अधिक शिकवून जातो.

या सावल्या वाचीत, थोडथोडी झिलई करीत, गोलाचा किंचित अन्वस्त करावा लागतो, म्हणजे मध्य जरा अधिक खोल. ज्या मापाचा आरसा मी सांगितला त्याला ही खटपट जवळजवळ लागत नाही. निव्वळ गोलही चालून जातो. नवशिक्याला सहा इंचाचाच आरसा सुचवितात, तो यासाठी. अखेरचा ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा मात्र निर्वात पात्रात चढवावा लागतो. तेवढ्यापुरते बाहेरचे दार ठोठवावे लागते, आणि त्यात कमीपणा काही नाही.

या विद्येचा इतिहास पाहता एक गोष्ट आपल्या ज्ञातीने मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. विल्यम हर्शेल हा इंग्लंडातील बाथ शहरी राहणारा वादक. आवडीपायी घरातच धातूचे आरसे ओतून घासू लागला. झिलईच्या वेळी हात थांबविता येत नसे. एकदा सोळा तास तो आरशावरून हलला नाही, तेव्हा बहीण कॅरोलिन हिने त्याच्या तोंडात घास भरविले, असे तिनेच लिहून ठेविले आहे. ही कॅरोलिन पुढे स्वतः नामांकित ज्योतिर्विद झाली. तिने आठ धूमकेतू शोधले. 13 मार्च 1781 च्या रात्री, घरी केलेल्या सव्वासहा इंची आरशातून, हर्शेलला युरेनस सापडला. प्राचीन काळापासून ठाऊक असलेल्या ग्रहांत एकाची भर पडली, ती एका वादकाच्या घरातील दुर्बिणीने. परंतु दुर्बिणी करून विकणे हे त्याच्या उत्पन्नाचे एक साधन होते, आणि आरशाला आकार व झिलई देण्याच्या आपल्या खुब्या त्याने प्रसिद्ध केल्या नाहीत. परिणामी पुढे आयर्लंडातील लॉर्ड रॉस यांना मोठे आरसे करावयाचे झाले तेव्हा जवळपास सारे पहिल्यापासून शोधावे लागले. रॉस यांनी आपल्या जहागिरीतील गावकऱ्यांना हाताशी धरून, शिकवून, भट्टी घातली आणि आपली कृती 1840 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून टाकली. त्यांच्या सहा फुटी आरशातून 1845 मध्ये प्रथम एका तेजोमेघाचा भोवऱ्यासारखा आकार दिसला. दोघेही थोर, पण एकाची विद्या पुष्कळशी त्याच्याबरोबर गेली आणि दुसऱ्याची छापील पानावर राहिली.

हे सांगताना मला आमच्याच घरातील गोष्ट आठवते. माझे चुलत आजोबा पटाशीला आणि वाकसाला पाणी देण्यात पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. पोलाद तापवून ते कोणत्या रंगाला आले असता कशात बुडवावयाचे, आणि मग पुन्हा किती ऊब द्यावयाची, हे त्यांना ठाऊक. ती वेळ आली की ते सर्वांना बाहेर घालवीत आणि दाराला कडी लावीत. मुलगा नव्हता, मुलगी होती, हुशार होती. पण मुलीला शिकविले तर विद्या परघरी जाईल, म्हणून तिलाही बाहेर काढीत. ते गेले तेव्हा त्यांच्या हातची हत्यारे राहिली, आणि तीही झिजली. मी त्यांना दोष देत नाही. पोटाची विद्या माणूस उघड्यावर टाकीत नाही. त्या काळी तेच शहाणपण होते. पण आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांत अशी कडी लागलेली होती, आणि आज कडीच्या आत काही उरलेले नाही, हे आपण सर्वजण जाणतो.

आता दुसरी बाजू पाहा. अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात स्प्रिंगफील्ड नावाचे कारखान्यांचे गाव आहे. तेथे 1920 मध्ये रसेल पोर्टर या गृहस्थाने आरसे घासण्याचा एक वर्ग काढला. विद्यार्थी पंधरा पुरुष व एक स्त्री. बहुतेक यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यातील कामगार. दिवसा लेथवर उभे राहणारे हे लोक संध्याकाळी काच घासू लागले. 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाचे अल्बर्ट इंगल्स यांनी 1925 मध्ये त्यांची हकीगत छापली, पुढल्या वर्षी सर्व कृतींचे पुस्तक निघाले, आणि देशभर लोक तळघरांत पिंपाभोवती फिरू लागले. माउंट पालोमारवरील दोनशे इंची महादुर्बिणीची रूपरेषा रेखाटण्यासाठी पुढे याच पोर्टर यांना बोलावणे आले. कृती छापल्याने त्या गावच्या कारागिरांचे काही गेले नाही. उलट त्यांचे नाव झाले.

आणि सुतारकाम जाणणाऱ्यांनी तर जॉन डॉब्सन यांचे चरित्र अवश्य वाचावे. यांचा जन्म 1915 मध्ये चीनमध्ये झाला. रसायनशास्त्र शिकून 1944 मध्ये ते सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीच्या, म्हणजे रामकृष्ण परंपरेच्या मठात दाखल झाले आणि तेवीस वर्षे राहिले. मठवासीयाजवळ पैसा कोठून असणार? त्यांनी जहाजाच्या खिडकीची जाड टाकाऊ काच मिळवून तिचा बारा इंची आरसा घासला. दुर्बिणी चाकांवर घालून रात्री वस्तीत न्यावयाच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना चंद्र व शनी दाखवावयाचे, हा छंद. त्यापायी मठाबाहेर वेळ फार जाऊ लागला, आणि 1967 मध्ये त्यांना मठ सोडावा लागला. पुढल्या वर्षी त्यांच्या प्रेरणेने रस्त्यावर आकाशदर्शन घडविणारे मंडळ निघाले.

डॉब्सन यांची खरी देणगी म्हणजे दुर्बिणीची बैठक. त्यापूर्वी मोठ्या आरशाला लोखंडाची जड, कोरीव दांड्यांची बैठक लागे आणि ती आरशाहून महाग पडे. यांनी प्लायवूडची साधी पेटी केली. नळीच्या दोन्ही बाजूंना, तोल जेथे साधतो तेथे, लाकडाच्या दोन गोल चकत्या. त्या पेटीच्या बाजूंना पाडलेल्या अर्धगोल खाचांत टेकतात, म्हणजे नळी वरखाली होते. पेटीच्या बुडाला सनमायकासारखा गुळगुळीत पत्रा लावलेला. तो खालच्या फळीवरील टेफ्लॉनच्या तीन तुकड्यांवर टेकतो, म्हणजे सारी पेटी गरगर फिरते. यात चाक नाही, बेअरिंग नाही, पितळी स्क्रू नाही. खुबी घर्षणात आहे. जड खिडकी ढकलताना ती प्रथम हलत नाही आणि मग एकदम धसकते, हा आपणा सर्वांचा अनुभव. कारण स्थिर असतानाचे घर्षण सरकतानाच्या घर्षणाहून अधिक असते. टेफ्लॉन आणि तो पत्रा यांच्यात हा फरक जवळजवळ नसतो. म्हणून बोटाने ढकलले की दुर्बीण सरकते, बोट काढले की तेथेच राहते. नळीसाठी त्यांनी काँक्रीटचे खांब ओतण्याचा जाड पुठ्ठ्याचा नळ वापरला. या रचनेचे पेटंट त्यांनी घेतले नाही. जगातील कारखानदारांनी ती उचलली, त्याबद्दल त्यांनी काही मागितले नाही. 2014 मध्ये ते वारले. आज त्या बैठकीला जगभर त्यांच्याच नावाने ओळखतात.

अशा रीतीने आराखडा, मापे, कृती आणि चालविण्याची सूत्रे सर्वांस मोकळी ठेवण्याला आजकाल ओपन सोर्स, म्हणजे मुक्तस्रोत, असे म्हणतात. आपल्या तरुणांना हा शब्द संगणकामुळे परिचित आहे. पण तो काच-लाकडालाही लागू पडतो. इंग्लंडातील केंब्रिज व बाथ येथील संशोधकांनी ओपनफ्लेक्शर नावाचा सूक्ष्मदर्शक केला आहे. त्याचा सांगाडा थ्री-डी प्रिंटरवर प्लास्टिकचा छापून निघतो. त्यात सरकपट्टी नाही. प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या लवतात आणि त्या लवण्यातून मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून बारीक सरक मिळते. आराखडा मोकळा असल्यामुळे टांझानियातील कारागिरांना तो आपल्या देशात करता आला. आपल्याकडे नवी दिल्लीच्या आंतर-विद्यापीठीय प्रवेगक केंद्राने एक्सपआईज नावाची लहानशी पेटी तयार केली. ती संगणकास जोडली म्हणजे विद्युत्दाब, काल, कंपने यांची मोजमापे विद्यार्थ्याला घरी करता येतात, आणि तिचे आराखडे खुले आहेत. पुण्यात आयुकामधील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी केली आणि त्यांची कृती कोणालाही मोफत मिळेल अशी ठेवली, हे आपल्यातील शिक्षकांना ठाऊक असेलच. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या अंगणातले आहे. सोडावॉटरच्या बाटलीचा बिल्ला ठोकून चपटा करावयाचा, दोन भोके पाडून दोरा ओवावयाचा आणि दोन्ही हातांनी ताणून सैल सोडून गरगरा फिरवावयाचा, हा खेळ आपण सर्वांनी खेळला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मनु प्रकाश आणि त्यांचे सहकारी यांनी याच तत्त्वावर कागदाची चकती केली व 2017 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. वजन दोन ग्रॅम, खर्च अमेरिकन वीस सेंट, वेग मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत. तिच्यावर बारीक नळीत रक्त ठेवून फिरविले असता दीड मिनिटात रक्तातील द्रव वेगळा होतो. ज्या कामास विजेचे यंत्र लागते ते दोऱ्यावर झाले. मात्र घरी केलेल्या साधनाने घरच्या माणसाच्या रोगाचे निदान करू नये. ते वैद्याचे काम. तसेच घरची असो वा दुकानची, दुर्बीण सूर्याकडे कधीही रोखू नये. निमिषात डोळा जातो. हे प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगावयास हवे.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप पैशाचा. आज कारखान्यांतील लहान दुर्बिणी बऱ्याच स्वस्त मिळतात. सहा इंची आरसा घरी घासल्याने फार बचत होते, असे मी म्हणणार नाही. श्रमांची किंमत धरली तर होतच नाही. मोठ्या आरशात होते. पण दाढीच्या पात्यापुढे बसून ज्याने आपल्याच हातची चूक वाचली आणि ती सुधारली, त्याला पुढे आयुष्यात कोणत्याही मापावर आंधळा विश्वास ठेवता येत नाही. हे दुकानात मिळत नाही.

दुसरा आक्षेप नाजूक आहे, पण तो बोलून दाखविलेला बरा. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत असे विचारले गेले की, ज्ञातीच्या निधीतून खोली द्यावयाची, काचा आणावयाच्या, आणि मग कृती छापून परक्यांस वाटावयाची, हे कशासाठी? ज्ञातीचा पैसा ज्ञातीच्या मुलांपुरता राहावा. प्रश्नकर्ते माझ्याहून वडील आहेत. त्यांच्याविषयी मला आदर आहे. तरीही त्यांच्याशी माझा मतभेद आहे. जी कृती आपण छापणार ती आपली नाहीच. ती न्यूटनची, फूकोची, रॉस यांची, त्या स्प्रिंगफील्डच्या कामगारांची आणि मठातून बाहेर पडलेल्या डॉब्सन यांची आहे. त्यांनी ती देताना आपली ज्ञाती कोणती हे विचारले नाही. घेताना मोकळी घ्यावयाची आणि देताना कडी लावावयाची, हे व्यवहारातही बसत नाही. शिवाय आपल्या आजोबांच्या कडीचा हिशेब मी वर मांडलाच आहे.

माझी सूचना मर्यादित आहे. सभागृहामागील हत्यारांची खोली सध्या मोडक्या खुर्च्यांनी भरली आहे. ती मोकळी करावी. सहा इंची काचांच्या चार जोड्या, पुडीचे संच, राळ आणि पहिल्या वर्षापुरता मुलाम्याचा खर्च मंडळाने करावा. प्लायवूडचे काम आपल्यातील ज्या वडीलधाऱ्यांच्या हातात अजून रंधा चालतो त्यांनी शिकवावे. त्यांना मी पाहुणे म्हणून नव्हे, तर गुरू म्हणून बोलावीत आहे. वर्गात मुलांइतक्याच मुली असाव्यात, आणि शेजारच्या वस्तीतील मुलांना दार उघडे असावे. प्रत्येक जोडीने एक कामाची वही ठेवावी: कोणती पूड किती वेळ, कोठे ओरखडा आला, पात्याखाली काय दिसले, खाच कोणत्या मापाची पाडली. वर्षअखेरीस या वह्या एकत्र करून साध्या मराठीत त्यांची पुस्तिका काढावी. तिच्यावर हक्क राखून ठेवल्याची ओळ छापू नये.

पुण्यात 1944 पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणीत आली आहे, आणि आयुकामध्येही दुर्बीण तयार करण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. तेव्हा जाणत्यांचे साह्य मागावयाचे तर फार दूर जावे लागणार नाही. दिवाळीनंतर आकाश निवळते. त्या सुमारास काम सुरू केले तर पहिले दोन आरसे उन्हाळ्याच्या आत मुलाम्यास जातील. पहिली दुर्बीण उभी राहील तेव्हा ती सभागृहाच्या गच्चीवर न ठेवता बाजारपेठेच्या चौकात नेऊन ठेवावी, अशी माझी इच्छा आहे. रात्री दुकाने बंद झाल्यावर तेथून दक्षिणेचे आकाश चांगले दिसते.